'जलसाघर'मधल्या जमीनदाराची कीव का करायची?

गोदाकाठ: परवा परत 'जलसाघर' बघितला, सत्यजित रायचा बंगाली सिनेमा, १९५८ चा. ह्याच्यावर बोलणं निघालं की लोक हळहळतात, काय दिलदार माणूस, काय जमाना होता. मला नाही पटत. त्यातल्या जमीनदाराची, विश्वंभर रायची जमीन नदी खायलीय, तिजोरीत काही नाही, आन हा पोराच्या मुंजीला बायकोचे दागिने गहाण टाकून जलसा करायलाय. पुढं सावकाराचा पोरगा महिम नव्या घरात गाणं ठेवणार म्हणल्यावर ह्यानं त्याच दिवशी आपल्याकडं जलसा काढला, बायको आजारी बापाला बघायला माहेरी गेलेली, तिला आन पोराला निरोप धाडून बोलावलं, वादळात होडी बुडाली, दोघंबी गेले. ह्याला नशीब कसं म्हणायचं? आपल्या मराठवाड्यातले गढीवाले बी म्हणतात १९५० च्या कूळकायद्यानं बुडवलं. हा तर असा कुठलाच कायदा यायच्या आधी बुडालाय.

माळवद: दादा, दोन गोष्टी एकात घालू नका. आपल्याकडच्या गढ्या बऱ्याचशा देशमुखांच्या, आन त्यांचं खरं बळ निजामाच्या राज्यातच गेलं. निजामाचा दिवाण सालारजंगनं १८६५ ला जिल्हाबंदी केली, म्हणजे राज्याचे जिल्हे पाडले, वसुली सरकारी नोकरांकडं गेली, देशमुखांच्या हाती रुसूम, म्हणजे वतनाचा ठरलेला पैसा, तेवढा राहिला. जहागिऱ्या १९४९ ला गेल्या ते वेगळं. म्हणजे दोन-तीन पिढ्या नुसत्या नावावर काढल्यात ह्या लोकांनी, सगळेच काही उधळे नव्हते. आमच्याकडं वाटण्या होत होत एकेकाच्या वाट्याला दोन खण आले, सागवानी खांब आन कोरीव चौकटी जुन्या लाकडाचे व्यापारी घेऊन गेले, आता पाऊस झाला की बुरूज ढासळतो आन गावातले लोक ती पांढरी माती टोपल्यानं नेऊन आपल्या माळवदावर टाकतात. कुणाला अडवायचं आन कशाला अडवायचं. हे पाहिलेल्या माणसाला त्या सिनेमात पोटात तुटतंच.
आन शेवटच्या जलशात रोशन कुमारी नाचल्यावर महिम बिदागी द्यायला पुढं होतो तेव्हा विश्वंभर काठीनं त्याचा हात अडवतो, पहिला मान यजमानाचा म्हणून. घरातला शेवटचा पैसा होता तो. बेगम अख्तरांचं गाणं, विलायत खाँचं संगीत, ह्या कलेला जपणारे असलेच लोक होते ना?

गोदाकाठ: ती बिदागी आली कुठून पण? कुळाच्या घामातनंच ना. पूर्ण सिनेमात कूळ जवळपास दिसत नाही, राबणाऱ्यांचं काय झालं कुणी विचारत नाही. तुमच्या बुरुजाची माती तरी गावानं उचलूनच आणली होती, गावानं नेली तर काय बिघडलं.

बालाघाटची: तुम्ही दोघं मान आन जमिनीवर भांडायलात, विश्वंभरच्या बायकोबद्दल, महामायेबद्दल कुणीच बोलंना. ती नवऱ्याला बजावते, तो ऐकून घेतो आन करतो तेच. दागिने तिचे गेले, पोरगं तिचं गेलं, जीव बी तिचाच. अशा घरांत आधी बाईच्या अंगावरचं सोनं मोडतं, बाप्यांचा फेटा शेवटी उतरतो. माळवद भाऊ, तुमच्या घरचे खांब विकायच्या आधी काय विकलं ते घरातल्या म्हाताऱ्या बायांना विचारा एकदा.

माळवद: ताई, हे मात्र खरंय, पाटल्या आधी गेल्या. तरी महिमला चांगलं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्याला गाण्यातलं काही कळत नाही, मोठा झालो हे दाखवायला तो जलसे करतो.

गोदाकाठ: आन विश्वंभर कशासाठी करत होता मग? कान होता त्याला, मान्य. त्या कानापायी बायकोपोरगं गेलं.

बालाघाटची: बाईचं दुःख बघायचं तर 'साहिब बीबी और गुलाम' बघा, १९६२ चा. तिथं बी हवेली बुडते, पण सिनेमा छोटी बहूच्या खोलीत जाऊन बसतो. मीनाकुमारीनं जे केलंय त्याच्यापुढं मला विश्वंभरचा रुबाब पोकळ वाटतो.

माळवद: पोकळ नाही ताई. बघतो परत, पण पोकळ नाही म्हणणार.