मदत हवी आहे: अण्णांना गरम पाण्याच्या कुंडावर न्यायचंय (तुरळ, राजवाडी की आरवली?)

नमस्कार मंडळी. मी कराडची, माहेर पाटण तालुक्यात. वडिलांना, अण्णांना, एकदा गरम पाण्याच्या कुंडावर न्यायचं आहे. हल्लीच्या दिवसांत तिकडे वयस्कर माणसाला घेऊन कुणी गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

अण्णा ७४ वर्षांचे. कोयनेच्या भूकंपाच्या आदल्या वर्षी, म्हणजे १९६६ साली, ते आज्याबरोबर बैलगाडीतून कुंभार्ली घाट उतरून कोकणात गेले होते. जाताना गाडीत गूळ आणि मिरची, येताना मीठ आणि सुकट. संगमेश्वरच्या अलीकडे तुरळला मुक्काम पडला. पहाटेच्या गारठ्यात झाडीतून वाफ निघताना दिसली आणि अण्णा घाबरले, कुणी रान पेटवलं असं वाटलं त्यांना. आज्याने हाताला धरून कुंडापाशी नेलं. तो गंधकाचा वास, पायाखालचे कोमट दगड, सगळं अजून जसंच्या तसं सांगतात. पायांचं दुखणं लागल्यापासून तर आठवड्यातून एकदा तरी विषय निघतोच. "एकदा पाय बुडवून येऊ गं."

अडचण नेमकी पायांचीच आहे. त्यांना वीस वर्षं शुगर आहे आणि दोन्ही तळव्यांना मुंग्या येऊन येऊन आता बधिरपणा आलाय. मागच्या थंडीत त्यांनी गरम पाण्याची पिशवी पायाशी घेतली, रात्रीत तिच्यावरचा टॉवेल सरकला. सकाळी चादरीवर ओला डाग दिसला म्हणून मी पाय उचलून पाहिला, तर टाचेवर रुपयाएवढा फोड फुटलेला. अण्णांना पत्ताच नव्हता. ती जखम भरायला अडीच महिने गेले. रोज ड्रेसिंग मीच करत होते, त्यामुळे गरम पाणी म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो.

आता जखम पूर्ण बुजली आहे. डॉक्टर जा म्हणालेत, पण पाणी ३७-३८ अंशांच्या वर नको, दहा मिनिटांपेक्षा जास्त नको. गरम पाण्याने रक्तवाहिन्या सैल पडतात आणि बीपी उतरतं, म्हणून उठताना धरायचं. इन्सुलिन घेतल्या घेतल्या तर अजिबात नाही, कारण उष्णतेने ते भराभर शोषलं जातं आणि साखर एकदम खाली येते.

मी जे वाचलंय त्यानुसार आरवलीचं पाणी ४० अंशांच्या आसपास, तुरळचं ६० च्या घरात आणि दापोलीकडच्या उन्हवऱ्याचं तर ७० च्या जवळ. म्हणजे उन्हवरे बादच. अण्णांचं मन तुरळवर आहे, माझं आरवलीवर. राजवाडीला सोमेश्वराच्या जुन्या देवळाजवळ कुंड आहे आणि परिसर शांत आहे असं ऐकलं, पण तिथे गाडीतून उतरल्यावर किती चालावं लागतं? कुंडाला पायऱ्या किती, धरायला काही आहे का, शेवाळ असतं का? गुडघेही त्यांचे धड नाहीत. आम्ही कराडहून पाटण, हेळवाक, कुंभार्लीमार्गे चिपळूणला उतरून पुढे जाणार, डिसेंबरात, मधल्या वारी.

एक विनंती. गंधकाच्या पाण्याने शुगर जाते, गोळ्या बंद करा, असं कृपया लिहू नका. नात्यातल्या एकांनी हे अण्णांच्या डोक्यात घातलंय आणि ते काढताना मी थकले आहे. पावसाचं पाणी कातळाच्या भेगांतून खोल जातं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं. राजापूरपासून पार पालघरपर्यंत सह्याद्रीच्या पायथ्याला असे झरे आहेत. सांध्यांना शेक मिळतो, बरं वाटतं, आणि तेवढं मला पुरेसं आहे.

प्रतिसाद

ताई, मी सांगलीचा, सासुरवाडी संगमेश्वर तालुक्यातली. माझ्या सासऱ्यांनाही शुगर होती, म्हणून लिहितो. बधिर पाय थेट कुंडात घालूच देऊ नका, आरवलीतसुद्धा नाही. चाळीस अंश आपल्याला छान वाटतं, त्यांच्या पायाला ते जास्तच आहे. आम्ही घरून बादली, घमेलं आणि प्लास्टिकची खुर्ची न्यायचो. कुंडातलं पाणी बादलीत काढायचं, घमेल्यात ओतायचं, वर गार पाण्याचं विसण. आधी तुमचं कोपर बुडवून बघा, त्यांचा पाय नंतर. बाळाच्या अंघोळीचा थर्मामीटर मिळतो तो घ्या, अंदाजावर जाऊ नका. मग बाजूला खुर्चीत बसवून तांब्याने गुडघ्यावर पाणी सोडत राहायचं. पायऱ्यांचा प्रश्नच उरत नाही.

नंतर बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा आणि तळवे उजेडात नीट बघा. अनवाणी एक पाऊलही नको, ओल्या दगडावर रबरी चप्पल असू दे. बरोबरच्या पोरांना डोकं पाण्याखाली घालू देऊ नका, असलं कोमट पाणी नाकात जाणं चांगलं नाही. आणि साबण, शाम्पूच्या पुड्या तिथे कुणालाच वापरू देऊ नका, खालची माणसं ते पाणी वापरतात.

धागाकर्ती

दादा, खूप खूप आभार. तुमचा प्रतिसाद अण्णांना मोठ्याने वाचून दाखवला. मला वाटलं होतं हिरमुसतील. विसण शब्दापाशी त्यांनी हात वर करून मला थांबवलं. म्हणाले, आज्याने त्या पहाटे असंच केलं होतं. जोखडाने बैलांच्या मानेला घट्टे पडून सालटी निघाली होती, तेव्हा त्याने कुंडातलं पाणी बादलीत घेतलं, ओढ्याचं गार पाणी मिसळलं, स्वतःच्या मनगटावर ओतून पाहिलं आणि मग फडक्याने माना शेकल्या. इतक्या वेळा ऐकलेल्या गोष्टीत हे मला पहिल्यांदाच कळलं.

तर ठरलं, तुरळच. खुर्ची भावाकडे आहे, थर्मामीटर आज आणते. फक्त तुरळला कुंडाजवळ विसणासाठी गार पाणी मिळतं का, की घरून कॅन भरून नेऊ, तेवढं कुणी सांगा.