मदत हवी आहे: दोन शाळांनी बोलावलंय, शनिवारपर्यंत कळवायचं आहे

रानफूल
नमस्कार. दोन माध्यमिक शाळांकडून बोलावणं आलंय आणि दोन्हीकडे शनिवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं आहे. पहिली बार्शी तालुक्यातली, अनुदानित. सचिव म्हणाले, जागा मंजूर आहे, सध्या संस्था महिना दहा हजार देईल, मान्यता आली की पूर्ण पगार. दुसरी सोलापुरातली इंग्रजी माध्यमाची. महिना 24 हजार, येण्याजाण्याला शाळेची बस, मुलीच्या फीमध्ये निम्मी सवलत. घरात सगळे म्हणतात अनुदानित सोडू नकोस. कुठे जाऊ? कृपया लवकर सांगा.

चौथा_तास
विषय कोणता? टेट दिली आहे का? अनुदानित म्हणजे पगाराला शासनाचं शंभर टक्के अनुदान की टप्प्याटप्प्याने वाढणारं? वीस टक्के आणि शंभर टक्के दोन्हींना लोक अनुदानितच म्हणतात. हे कळल्याशिवाय काय सांगणार?

भीमाकाठ
डोळे झाकून अनुदानित घ्या. मी 2010 ला विनाअनुदानित तुकडीवर लागलो. सहा वर्षं हातात काही नव्हतं, पहाटे दूध घालायचो आणि अकराला शाळेत हजर. पुढे तुकडी वीस टक्क्यांवर आली, मग चाळीसवर. आज घर चालतंय. कळ काढावी लागते. इंग्रजी माध्यमवाले आज ठेवतात, उद्या काढतात.

गुणपत्रक
टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास आहात ना? नसाल तर आधी ती काढा, बाकी सगळं नंतर.

चौथा_तास
@गुणपत्रक, टीईटी पहिली ते आठवीसाठी. नववी-दहावीच्या जागेला ती लागत नाही. मी टेट विचारली, म्हणजे शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी, 200 गुणांची. ताईंना आणखी गोंधळात टाकू नका.

रानफूल
विज्ञान-गणित, बी.एस्सी. बी.एड. टेट 2025 ची दिली आहे, 200 पैकी 118. शाळा शंभर टक्के अनुदानित आहे असं सचिव म्हणाले. नववी-दहावीलाच शिकवायचं आहे. आता सांगा.

निवृत्त_मुख्याध्यापक
ताई, एकच विचारतो. या शाळेची जागा शासनाच्या शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर होती का? तिथे तुमची निवड होऊन तुम्हाला बोलावलंय की ओळखीतून?

रानफूल
ओळखीतून. माझे मामा त्या संस्थेचे सभासद आहेत. पवित्रचं नंतर बघू, सध्या कामाला लागा, असं सचिव म्हणाले.

निवृत्त_मुख्याध्यापक
ही गोष्ट पहिल्याच ओळीत यायला हवी होती. मी एकतीस वर्षं माध्यमिक शाळेत काढली, त्यातली नऊ मुख्याध्यापक म्हणून, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

अनुदानित शाळेत रीतसर लागलात तर काय मिळतं ते आधी पाहा. पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक, माध्यमिकला मानधन महिना 18 हजार. 2023 पूर्वी ते आठ हजार होतं. तीन वर्षं झाली की नियमित वेतनश्रेणी, मूळ वेतन 38,600, त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडे. बारा वर्षांनी वरिष्ठ श्रेणी, चोवीस वर्षांनी निवड श्रेणी. हे सगळं शासन देतं, संस्था नाही. शासन ते कुणाला देतं? ज्याच्या नेमणुकीला शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता आहे आणि ज्याचा शालार्थ आयडी, म्हणजे शासनाच्या पगार प्रणालीतला क्रमांक, निघालाय त्याला. पवित्र 2017 ला आलं. तेव्हापासून अनुदानित शाळेची भरती त्याच वाटेने होते. खाजगी संस्थेची जागा असली तरी उमेदवार पोर्टलवरून येतात आणि त्यांच्यातूनच संस्था मुलाखत घेऊन निवडते. तुम्ही त्या यादीत नसाल तर मान्यतेचा प्रस्ताव कशाच्या आधारावर जाणार?

@भीमाकाठ सर, तुमचे कष्ट मला कळतात, माझ्या शाळेतही असे सहकारी होते. पण तुम्ही 2010 ला लागलात. ती वाट आता या ताईंसाठी उघडी नाही.

भीमाकाठ
सर, मान आहे तुमचा, पण नियम येतात आणि बदलतातही. आम्हालाही तेव्हा सगळे हेच सांगत होते की कधीच अनुदान येणार नाही. आलं ना? आझाद मैदानावर बसलो म्हणून आलं.

निवृत्त_मुख्याध्यापक
तुमच्या नेमणुकीला मान्यता होती, अडलं होतं ते अनुदान. इथे मान्यताच अडणार आहे. ताईंची पाच-सहा वर्षं तिथे गेली आणि नंतर पोर्टलवरून त्याच जागेवर दुसरा उमेदवार आला तर तो अन्याय कुणाकडे मांडायचा?

नदीपलीकडे
संस्था अल्पसंख्याक दर्जाची आहे का? तिथे भरतीची पद्धत वेगळी असते.

रानफूल
नाही.

सेट_धारक
एम.एस्सी. करा आणि सेट, म्हणजे प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा, द्या. वरिष्ठ महाविद्यालयात जा, माध्यमिकमध्ये काही राहिलं नाही.

जुनी_पेन्शन
पगाराचं सगळे बोलतात, म्हातारपणाचं कोण बोलणार? 1 नोव्हेंबर 2005 पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. एनपीएसमध्ये, म्हणजे नव्या पेन्शन योजनेत, आपले 10 टक्के, शासनाचे 14, आणि शेवटी बाजार ठरवणार हातात काय येईल. अनुदानित अनुदानित म्हणून नाचण्यासारखं काय आहे?

चौथा_तास
पेन्शनचा वेगळा धागा आहे, तिकडे लिहा. ताई, सोलापूरच्या शाळेकडून लेखी काय मिळालंय? स्टेट बोर्ड की सीबीएसई? पत्रातला मजकूर जसाच्या तसा टंका, शाळेचं नाव नको.

रानफूल
स्टेट बोर्ड, स्वयंअर्थसहाय्यित. पत्र समोर आहे. "आपली सहायक शिक्षक या पदावर दि. 15 जून ते 30 एप्रिल या कालावधीसाठी निव्वळ तात्पुरत्या स्वरूपात नियुक्ती करण्यात येत आहे. एकत्रित मानधन रु. 24,000. रुजू होताना मूळ शैक्षणिक प्रमाणपत्रे कार्यालयात जमा करावीत. सत्राच्या मध्ये नोकरी सोडल्यास दोन महिन्यांचे मानधन भरावे लागेल." बस आणि फीची सवलत तोंडी सांगितली, पत्रात नाही. हे महत्त्वाचं आहे हे मला माहीतच नव्हतं.

चौथा_तास
सगळं या पत्रातच आहे. मी अशाच शाळेत आठ वर्षं शिकवतेय. 30 एप्रिल लिहिलंय म्हणजे मे महिन्याचा पगार नाही आणि जूनला नवीन पत्र. दर वर्षी तसंच. माझ्या आधीच्या शाळेने माझी बी.एड.ची मूळ गुणपत्रिका अकरा महिने कपाटात ठेवली होती. दुसरीकडे मुलाखत होती, गुणपत्रिका मागायला गेले तर कारकुनांनी चावी सरांकडे आहे असं चार दिवस सांगितलं. ती मुलाखत गेली ती गेलीच. मूळ कागद कुणालाही देऊ नका. दाखवा, पडताळून घेऊ द्या, परत घ्या.

निवृत्त_मुख्याध्यापक
चौथा_तास मॅडमनी लिहिलं ते अगदी बरोबर. भर घालतो. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांचा 1977 चा कायदा आणि 1981 ची नियमावली अनुदान नसलेल्या मान्यताप्राप्त शाळेलाही लागू आहे. नेमणुकीचा आदेश अनुसूची ड मधल्या नमुन्यात असतो, तो वाचून जा. कायम नसलेल्या शिक्षकाला नोकरी सोडताना एक महिन्याची नोटीस असते, कायम असेल त्याला तीन महिन्यांची. दोन महिन्यांचा दंड त्यांनी कुठून आणला ते विचारा. कामावरून काढलं तर शाळा न्यायाधिकरणाकडे तीस दिवसांत अपील करता येतं. भविष्य निर्वाह निधी कापणार का हेही विचारा, वीस किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तर शाळेला तो कायदा लागू होतो.

जुनी_पेन्शन
आणि ग्रॅच्युइटी. सलग पाच वर्षं झाली की खाजगी शाळेतल्या शिक्षकालाही मिळते. 2009 ला कायदा बदलला, सर्वोच्च न्यायालयानेही 2022 ला तो उचलून धरला. पण दर मे महिन्यात खंड दाखवला की नंतर तेवढ्यावरून भांडत बसावं लागतं.

क्लासवाला
दोन्ही सोडा, गणित-विज्ञान आहे तर स्वतःचा क्लास काढा. दहावीची वीस मुलं पुरे.

भीमाकाठ
प्रत्येक धाग्यावर क्लास. त्यांना शाळेत शिकवायचं आहे म्हणून विचारताहेत ना?

रानफूल
सगळ्यांचे आभार. काल बार्शीला जाऊन आले. मामांना बरोबर नेलं नाही. कार्यालयातल्या लिपिकांना विचारलं, या जागेची मागणी पोर्टलवर टाकली आहे का? त्यांनी संचमान्यतेचा, म्हणजे शाळेला मंजूर असलेल्या शिक्षकांच्या जागांचा, कागद काढून दाखवला. विज्ञानाच्या जागा भरलेल्या आहेत, रिक्त एकही नाही. सचिवांना तिथूनच फोन करून नाही म्हणून सांगितलं. घरी अजून सांगितलेलं नाही, मामा दुखावतील.

सोलापूरच्या शाळेत आज गेले. मूळ प्रमाणपत्रं पडताळून लगेच परत देऊ म्हणाले. दंडाची ओळ काढणार आहेत, बस आणि फीची सवलत पत्रात लिहून देणार आहेत, निधीही कापणार. 30 एप्रिलवर मात्र ठाम आहेत, सगळ्यांनाच असं पत्र देतो म्हणतात. सही उद्या अकराला करायची आहे.

चौथा_तास
तिथे दोन-तीन वर्षं झालेलं कुणी ओळखीचं आहे का? मे महिन्याचा पगार त्यांच्या खात्यात येतो का ते आज रात्री विचारा.

रानफूल
बसमधून येताना एक मराठीच्या मॅडम भेटल्या होत्या, नंबर घेतलाय. आत्ता लावते.