बारावीनंतरची फाईल: फॉर्म भरताना, भरून देताना

कंदीपेढा

सकाळी झेरॉक्सला गेले होते. पुढे एक बाप-लेक उभे. मुलीच्या छातीशी बटणाची प्लास्टिक फाईल. दुकानदारानं विचारलं, किती सेट? वडील मुलीकडे बघतात, मुलगी वडिलांकडे. शेवटी ते म्हणाले, "तीन काढा. न्हाई, चार काढा. कोन कवा काय मागंल." माझं एका पानाचं काम होतं, ते विसरून मी तिथंच उभी.

आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींची मुलगी बारावी झाली त्याला सात-आठ वर्षं झाली. तेव्हा सीईटीला, म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेला, पर्सेंटाइल नव्हतं, २०० पैकी सरळ गुण कळायचे. तिला ११८. मावशी म्हणाल्या, "ताई, जरा पोरीचं फारम बघता का." मी म्हटलं, त्यात काय, तासाभराचं काम. (हसू नका.)

शाळेच्या दाखल्यावर जातीचं नाव ऱ्हस्व, जातीच्या प्रमाणपत्रावर दीर्घ. नॉन क्रिमीलेअर (सवलतीसाठी घरची ऐपत बेताची असल्याचं प्रमाणपत्र) काढलेलंच नव्हतं. "आमच्यात कुटलं आलंय क्रीम?" असं मावशींचं म्हणणं. त्यावर मला उत्तर सुचलं नाही.

आणि कहर म्हणजे ओटीपी. नोंदणी कोपऱ्यावरच्या कॅफेवाल्यानं करून दिली होती. मुलीकडे फोन नव्हता म्हणून त्यानं स्वतःचा नंबर टाकलेला. विकल्प, म्हणजे हव्या त्या कॉलेजांची पसंतीची यादी, भरायची मुदत दुसऱ्या दिवशी संपणार, पासवर्ड कुणाला आठवत नाही, आणि कॅफेला कुलूप. शेजारच्या सलूनवाल्यानं सांगितलं, तो वारीला गेलाय, दिंडी आज तरडगावला. त्याच्या बायकोकडून दिंडीतल्या दुसऱ्याच कुणाचा नंबर मिळवला. दोन ओटीपी वाया गेले, कारण ह्याचा फोन ट्रकमध्ये चार्जिंगला. तिसऱ्या वेळी मागे टाळ-मृदंग आणि हा बेंबीच्या देठापासून ओरडतोय, "चार! चार न्हवं, सात!"

रात्री अकराला यादी लावताना दिसलं की कॉलेजांच्या काही कोडच्या शेवटी टी आहे. म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या जागा, उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर. त्या ५ टक्केच असतात आणि विकल्प वेगळे टाकावे लागतात. आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. सगळी यादी पुन्हा लावली. पोरगी शेजारी बसून कोड वाचत होती, मावशी भिंतीला टेकून झोपल्या होत्या. तिचा नंबर टीवरच लागला.

तुमचेही सांगा. स्वतःच्या वेळचे, मुलांचे, लोकांच्या मुलांचे, कुठलेही.

घाटउतार

चार न्हवं सात 😂😂 ऑफिसात वाचतोय, बाजूचा विचारतोय काय झालं.

आमच्यात वडिलांचा नंबर टाकला होता आणि वडील दिवसभर रानात, तिथं रेंज नाही. मी ओटीपी मागवून सायकल मारत बांधावर जायचो. दोनदा गेलो, दोनदा मुदत संपली. मग फोनच घरी ठेवून घेतला. त्यांनी आठ दिवस बोलणं टाकलं.

जुनी_पाटी

ओटीपीचं काय घेऊन बसलात. १९८४. खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजं वसंतदादांनी ८३ साली नुकतीच उघडून दिलेली. डोनेशन हा शब्द आमच्या गावात देवळाबाहेर तेव्हा पहिल्यांदा ऐकू आला.

फॉर्म पोस्टानं मागवायचा, डिमांड ड्राफ्ट जोडायचा, आणि प्रत्येक कागदाच्या खऱ्या नकलेवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही-शिक्का. आता तालुक्यात राजपत्रित माणूस शोधायचा कुठं? कॉलेजचे प्राचार्य रजेवर, तहसीलदार दौऱ्यावर. कुणीतरी म्हणालं, गुरांचे डॉक्टर. गेलो. ते एका म्हशीत खांद्यापर्यंत गुंतलेले. म्हणाले, थांब. तासाभरानं हात धुऊन माझ्या गुणपत्रिकेवर सही केली. झेरॉक्स नव्हतीच, नक्कल टंकलेखनवाल्याकडून काढलेली. एका कोपऱ्याला अजून वास येतो असं आमची ही म्हणते. मला येत नाही.

बाकी प्रवेश मिळाला नाही. बी.एस्सी. केलं. ठीक चाललं.

सायंकाळ

@जुनी_पाटी म्हैस वाचली का?

जुनी_पाटी

वाचली. रेडकूही.

मास्तर_परभणी

बावीस वर्षं ज्युनियर कॉलेजला शिकवतोय. जून-जुलैत माझ्या घराचं सेतू केंद्र होतं. बायकोनं बैठकीत चपला काढायची जागासुद्धा आखून दिलीय.

कागदांची रड सगळ्यांना दिसते. खरी पंचाईत विकल्पांच्या क्रमात होते आणि ती कुणाच्या ध्यानात येत नाही. ३०० पर्यंत विकल्प टाकायला वाव असताना लेकरं १२ टाकून येतात. तेही गेल्या वर्षीच्या कटऑफच्या क्रमानं. म्हणजे मला ९१ पर्सेंटाइल, तर ९१ ला बंद झालेलं कॉलेज एक नंबरला. अरे बाबा, संगणक तुमची यादी वरून खाली वाचतो. वरचं बसत असलं तर देतो, नसलं तर खाली उतरतो. वर न मिळणारं टाकलं म्हणून खालच्यावरचा हक्क जात नाही. आवडीच्या क्रमानं लावा! हे मी दरवर्षी दोनशेदा बोलतो. पालक मान हलवतात आणि घरी जाऊन कटऑफनंच लावतात.

दुसरं, कटऑफ वाचता येत नाही. कटऑफच्या यादीत प्रवर्गाच्या कोडच्या शेवटी एच असेल तर ती होम युनिव्हर्सिटीची, म्हणजे त्याच विद्यापीठाच्या हद्दीतल्यांची जागा, ओ असेल तर बाहेरच्यांची, एस म्हणजे राज्यभराची. ७० टक्के घरच्यांना, ३० बाहेरच्यांना. आमची लेकरं पुण्याच्या कॉलेजचा एचचा आकडा बघून खूश होतात आणि त्यांना लागू असतो ओचा.

आणि एक नंबरच्या विकल्पाला फार जपायचं. पहिल्या फेरीत तो लागला की जागा आपोआप फ्रीज, पुढच्या फेऱ्या बंद. चार वर्षांमागं एक मुलगी होती. तिला संभाजीनगरचं शासकीय हवं होतं, घरून जवळ, फीही कमी, आणि गुण तेवढे होते. मामा पुण्याचे. त्यांनी आदल्या रात्री फोनवरून पासवर्ड घेतला आणि आपल्या ओळखीचं एक खाजगी कॉलेज वर सरकवलं. लागलं. मामा अजून म्हणतात काय भारी नंबर लागला. ती त्या दिवाळीला मामाकडे गेली नाही, पुढच्याही नाही. शिक्षण झालं, नोकरी आहे, सगळं व्यवस्थित. तरी भेटली की म्हणते, "सर, पासवर्ड कुणाला देऊ नका हे आधी शिकवत जा." आता पहिल्या दिवशी तेच शिकवतो.

दोन_कटिंग

मामा प्रत्येक घरात असतो. आमच्याकडे आत्या.

मुलाचं जेईई. राज्याचं नॉन क्रिमीलेअर फाईलमध्ये, मी निर्धास्त. जोसाच्या, म्हणजे आयआयटी-एनआयटीच्या प्रवेश फेऱ्यांच्या वेळी कळलं की केंद्राचा नमुना वेगळा, आणि तोही त्याच वर्षी १ एप्रिलनंतर काढलेला हवा. खिडकीवर गेलो तर बाई म्हणाल्या, "आहे की तुमच्याकडे एक, दुसरं कशाला?" तीन खेटे, एक अर्धा दिवसाची रजा, एक पूर्ण. बरं आमची जात केंद्राच्या यादीतही आहे. सगळ्यांचीच असते असं नाही, ते मला तिथंच रांगेत कळलं. माझ्यापुढच्या माणसाची नव्हती. तो काही बोलला नाही, कागद घडी करून खिशात घातले आणि गेला. त्याचा चेहरा आठवतो अजून.

रिमझिम_रत्नागिरी

कुणीतरी प्लीज लिहा की मूळ कागद लॅमिनेट करू नयेत!! आमच्या बाबांनी प्रेमानं सगळे केले. दहावी, बारावी, दाखला, जन्माचा दाखलासुद्धा. पावसात भिजू नयेत म्हणून. दाखल्यावर मागे शेरा मारून हवा होता, तर शाई टिकेना. क्लार्क शिक्का मारतोय आणि तो घसरतोय.

घाटउतार

कोकणात मात्र बाबांचा मुद्दा बरोबर आहे.

रिमझिम_रत्नागिरी

हो ना, आमच्याकडे जुलैत वर्तमानपत्रसुद्धा पापडासारखं भाजून वाचायचं.

मंडळाची_सेक्रेटरी

न्यू जर्सीहून. इथलं वेगळंच. कागद कमी, बोलणं फार. मुलगा बारावीत होता तेव्हाचं. कॉमन ॲपचा (बऱ्याच कॉलेजांना मिळून एकच अर्ज) निबंध, कमाल ६५० शब्द. ह्यांनी वाचला आणि म्हणाले यात रोबोटिक्सचं बक्षीस कुठंय, गणिताचं कुठंय? निबंधाचा बायोडाटा केला. मुलानं तो खोडून पुन्हा लिहिला. असं पाच वेळा. शेवटी त्यानं आमच्या मंडळाच्या पेटीवर लिहिला. गणपतीत आरतीच्या वेळी तिचा एक सूर दाबला की अडकून राहायचा आणि पूर्ण आरतीभर भोंगा वाजायचा. हा व्हिडिओ बघून ती उघडून बसला, तर आत झुरळ आणि २५ सेंटचं नाणं. त्यावर ६५० शब्द! हे म्हणाले, झुरळावर कोण प्रवेश देणार? दिला.

पण मला घाम फुटला तो वेगळ्याच कागदावर. शाळेची कौन्सेलर पालकांना प्रश्नावली देते. मुलाचं कौतुक करा, पाच विशेषणं लिहा, त्यावरून ती शिफारसपत्र लिहिणार. मी दोन दिवस कोरा कागद घेऊन बसले. आपल्याकडे आईनं तोंडावर कौतुक करायचं असतं का? दृष्ट लागते. "बरा आहे, पण पसारा फार करतो" एवढंच डोक्यात येई. मैत्रिणीनं, ती गुजराती, तिनं लिहून दिली. तिच्या मते माझा मुलगा फारच गुणी आहे.

पैशाच्या मदतीचा सरकारी अर्ज, फॅफ्सा, त्या वर्षी नेहमीच्या ऑक्टोबरऐवजी २०२३ च्या डिसेंबर अखेरीस उघडला, म्हणून १ मे, कॉलेजला होकार कळवायची तारीख, जवळ आली तरी आमचा हिशोब जुळेना. त्यावर परत कधीतरी. डबा भरायचाय.

दोन_कटिंग

"बरा आहे, पण पसारा फार करतो" हे अख्ख्या महाराष्ट्राचं शिफारसपत्र आहे.

सिक्स_बी

मुलगा मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयाला जायचं म्हणून अडून बसला. मी बँकेत, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. एएसी सीईटीला, म्हणजे तिथल्या प्रवेश परीक्षेला, स्मरणचित्र असतं, त्याच्या सरावाला तो मला प्रसंग विचारायचा. मी सांगायचो भाजीबाजार. दुसऱ्या दिवशी? भाजीबाजार. तिसऱ्या दिवशी म्हणाला बाबा तुम्ही बाजाराशिवाय कुठं जात नाही का. विचार केला, खरंच नाही. मदत म्हणून पेन्सिली तासून दिल्या, ब्लेडनं, लांब टोक. ते मात्र जमलं.

पहिलं_बाकडं

मूळ धाग्यातल्या त्या मुलीसारखीच मी. घरात पहिलीच. आमच्या कॉलेजच्या ग्रंथपाल मॅडमनी फॉर्म भरला होता. त्यांना आमच्या वडिलांची सही हवी होती आणि वडील अंगठा लावायचे. त्यांनी शाईचं पॅड स्वतःच्या पर्समधून काढलं, कुणाला दिसणार नाही असं.

आता दर वर्षी गावाकडच्या चार-पाच मुलींचे फॉर्म मी बघते. जुलै २०२४ च्या निर्णयापासून ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएसच्या मुलींना, उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण कॅपमधून, म्हणजे सरकारच्या प्रवेश फेऱ्यांतून, प्रवेश घेतला असेल तरच. मॅनेजमेंट कोट्याला नाही. गेल्या वर्षी एका वडिलांना सांगितलं फी शून्य. त्यांनी विश्वासच ठेवला नाही. म्हणाले, "फुकट म्हंजे कायतरी गोम असतीय." गोम आहेच की काका. होस्टेल, मेस, ड्राफ्टर, लॅपटॉप, येणं-जाणं. त्यांनी हिशोब केला आणि म्हणाले, एक शेळी हॉस्टेलला, एक लॅपटॉपला. गेल्या दोन्ही. मी पहिल्याच वाक्यात "शून्य" म्हणायला नको होतं, आता आधी होस्टेलचा आकडा सांगते.

आणि महाडीबीटीसाठी (शिष्यवृत्तीचं सरकारी पोर्टल) बँकेचं खातं आधारला जोडलंय का ते आधी बघा, नुसतं केवायसी नाही, सीडिंग.

सायंकाळ

शाईच्या पॅडपाशी थांबले. बाकीचं नंतर वाचते.

नवखी_आई

सगळं वाचून पोटात गोळा आलाय. मुलगा आत्ता बारावीत गेला. @मास्तर_परभणी सर, अकरावीचा अभ्यास पण येतो का सीईटीला? तो म्हणतो नाही येत.

मास्तर_परभणी

तो म्हणणारच. येतो, साधारण २० टक्के. पीसीएमला, म्हणजे भौतिक-रसायन-गणिताला, १५० प्रश्न, २०० गुण, गणिताला प्रत्येकी दोन. चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही हे त्याला बजावा. आणि डोमिसाइल आत्ताच काढून ठेवा, निकालानंतर रांग वाढते.

नवखी_आई

धन्यवाद सर 🙏 त्याला हे दाखवलं तर म्हणतो तू कुठल्या कुठल्या लोकांशी बोलतेस.

रिमझिम_रत्नागिरी

@कंदीपेढा साताऱ्यात खरे पेढे कुठले चांगले? भाऊ उद्या त्या बाजूला जातोय.

घाटउतार

ते राहू दे, मावशींच्या मुलीचं पुढं काय झालं?

कंदीपेढा

पेढ्यांचं निरोपात कळवते, इथं नाव घेतलं की भांडणं होतील.

ती नाशिकला असते, नोकरी करते. गेल्या वर्षी धाकट्या भावाचा फॉर्म होता. मी आपली चष्मा पुसून तयार. तिनं फोनवरून तासाभरात भरून टाकला, मला विचारलंसुद्धा नाही. मावशींनी पोळ्या लाटता लाटता सहज सांगितलं, "झालं की त्याचं." जरा लागलं मनाला, खोटं कशाला बोलू.

कॅफेवाला यंदाही वारीला गेलाय. येताना बघितलं, कुलूप आहे.