गरोदरपणाच्या सुरुवातीला थायरॉईड: खानापूर-बेळगाव भागात तपासणी आणि डॉक्टर यांबाबत सल्ला हवा

मलप्रभाकाठ
नमस्कार. मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. थायरॉईडचा स्राव कमी असल्यामुळे लग्नाआधीपासून मी रोज ५० मायक्रोग्रॅमची थायरॉक्सिनची गोळी घेते. आता मला दिवस राहिले असून सहावा आठवडा चालू आहे. परवाच्या तपासणीत टीएसएच (थायरॉईडचा स्राव कमी पडला की रक्तात वाढणारे संप्रेरक) ४.६ आला. खानापुरातल्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाई सोमवारी भेटतील. घरातल्या थोरल्या बायकांचे म्हणणे असे की पहिले तीन महिने कसलीच गोळी पोटात जाऊ नये, म्हणून हीसुद्धा थांबवावी. मी ती थांबवलेली नाही, परंतु सकाळी उठल्या उठल्या ओकाऱ्या होतात आणि कधी कधी गोळीही बाहेर पडते. तपासण्या कोणत्या आणि किती दिवसांनी कराव्यात, बेळगावच्या हार्मोनतज्ज्ञांकडे जाणे गरजेचे आहे का, आणि गोळीची कंपनी बदलावी का, हे मला जाणून घ्यायचे आहे. तपासण्यांसाठी महिन्याला हजार रुपयांपर्यंतच खर्च करता येईल. शक्ती योजनेमुळे बेळगावच्या बसला तिकीट पडत नाही, मात्र जाण्यायेण्यात पूर्ण दिवस जातो.

टिळकवाडीकर
अभिनंदन. आमच्या सौभाग्यवतींच्या वेळी आम्ही पहिल्याच महिन्यात बेळगावातल्या हार्मोनतज्ज्ञांना गाठले आणि एका मोठ्या प्रयोगशाळेचे संपूर्ण पॅकेज करून घेतले. त्यात थायरॉईडच्या सर्व तपासण्या, अँटी-टीपीओ (थायरॉईडविरुद्धच्या प्रतिपिंडांची तपासणी), ड आणि बी-१२ जीवनसत्त्व, साखर असे सगळे येते. खर्च साडेचार हजारांच्या आसपास आला, पण मनाला जी निश्चिंती मिळाली तिचे मोल होत नाही. मुलगा आज अत्यंत हुशार आहे. माझे स्पष्ट मत आहे की अशा वेळी हजार रुपयांचा हिशेब करू नये आणि खानापुरात थांबूही नये.

निवृत्त_परिचारिका
ताई, सर्वांत आधी हे सांगते की गोळी बंद करू नका. गर्भाची स्वतःची थायरॉईड ग्रंथी साधारण दहाव्या ते बाराव्या आठवड्यापासून काम करू लागते आणि ते काम पुरेसे होईपर्यंत जवळजवळ अर्धे दिवस भरलेले असतात. तोवर बाळाच्या मेंदूच्या घडणीला लागणारा हा स्राव आईकडूनच मिळतो, त्यामुळे ज्या तीन महिन्यांत गोळी टाळावी असे घरी वाटते, नेमके त्याच तीन महिन्यांत ती सर्वाधिक लागते. थोरल्यांना असे समजावून सांगा की शरीरात जे कमी तयार होते तेच या गोळीतून भरून निघते. मी अनेक वर्षे उपकेंद्रावर काम केले आहे. सासूबाईंना एकदा सोबत नेऊन डॉक्टरांच्या तोंडून हे ऐकवले की घरातला विरोध मावळतो, असे मी पुष्कळ घरांत पाहिले आहे.
तायी कार्डावर, म्हणजे गरोदरपणाच्या नोंदींच्या सरकारी कार्डावर, गोळीचे नाव आणि मात्रा लिहून घ्या. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी असते, तिचाही लाभ घ्या. टीएसएच तिथे होईलच असे नाही, म्हणून आशाताईंना आधी विचारून जा.

निपाणीचा_पाहुणा
निपाणीकडचे आम्ही सगळे कोल्हापूरलाच जातो. तिथल्या डॉक्टरांशी मराठीत मोकळेपणाने बोलता येते. माझ्या बहिणीचे सर्व उपचार तिथेच झाले. बेळगावच्या एका दवाखान्यात तिला तीन तास ताटकळत बसवले होते, तो अनुभव आम्ही विसरलेलो नाही. तुम्हीही कोल्हापूरचाच विचार करावा.
दुसरे असे की पाकिटातले मीठ बंद करून सैंधव सुरू करा. थायरॉईडचे मूळ त्या प्रक्रिया केलेल्या मिठातच आहे, असे आमच्याकडे जाणकार सांगतात.

कागवाडची_लेक
खानापूरहून कोल्हापूर म्हणजे दिवस उजाडण्याआधी निघणे आले, आणि आंतरराज्य बसला शक्ती योजना लागू नाही. त्यांनी खर्चाची मर्यादा आधीच सांगितली आहे.
माझा अनुभव वेगळ्या कारणासाठी लिहिते. मला लोहाची आणि कॅल्शियमची गोळी सुरू झाली तेव्हा देणाऱ्यांपैकी कोणीही सांगितले नाही की ती थायरॉईडच्या गोळीपासून दूर ठेवायची असते. सगळ्या गोळ्या सकाळी एकत्र, चहाबरोबर जात होत्या. पुढच्या तपासणीत टीएसएच वाढलेला निघाला आणि मात्रा वाढवून मिळाली. मिरजेच्या डॉक्टरांनी कोणती गोळी केव्हा घेते असे विचारले तेव्हा कुठे कारण उलगडले. थायरॉक्सिन आणि लोह-कॅल्शियम यांत चार तासांचे अंतर हवे. ही साधी गोष्ट गोळ्यांच्या पाकिटावर मोठ्या अक्षरांत छापायला हवी, असे मला मनापासून वाटते.

चिकोडी_औषधालय
मी औषधविक्रेता आहे, त्यामुळे मात्रा ठरवणे माझे काम नव्हे, परंतु सोमवारपर्यंत न थांबता आजच बाईंना फोन करावा असे सुचवतो. आधीपासून थायरॉक्सिन घेणाऱ्या बहुतेक स्त्रियांची गरज दिवस राहिल्यावर पाव ते निम्म्याने वाढते, आणि ती वाढ पहिल्या काही आठवड्यांतच सुरू होते. अमेरिकन थायरॉईड असोसिएशनच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा स्त्रियांना आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या सुरू करण्याची पद्धत दिलेली आहे. तुमच्या बाबतीत काय योग्य ते डॉक्टरच फोनवर सांगतील.
कंपनीबद्दल म्हणाल तर थायरोनॉर्म असो वा एल्ट्रॉक्सिन, जी चालू आहे तीच ठेवा. बदललीच तर पुन्हा टीएसएच पाहावा लागतो. बाटली कुठे ठेवता याकडे मात्र लक्ष द्या. तुमच्या भागात पावसाळ्यात भिंतीसुद्धा ओलावतात, आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर, चुलीच्या वाफेत, झाकण अर्धवट लावून ठेवलेली बाटली मी ग्राहकांच्या घरी पाहिली आहे. गोळ्या दमट होऊन एकमेकींना चिकटलेल्या होत्या. खोलीतल्या कपाटात, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी बाटली ठेवावी.

टिळकवाडीकर
४.६ ही संख्या धोक्याची आहे. पहिल्या तिमाहीत २.५ च्या वर गेले की आजार समजतात, हे आम्हाला तज्ज्ञांनी स्वतः सांगितले होते. म्हणूनच मी तज्ज्ञांचा आग्रह धरतो.

चिकोडी_औषधालय
यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या जात आहेत. ज्या स्त्रीला आधी त्रास नव्हता तिच्या निदानासाठी २.५ ची सरसकट मर्यादा पूर्वी वापरत. २०१७ पासून, स्थानिक प्रमाण उपलब्ध नसेल तर, साधारण ४ ही वरची मर्यादा धरण्याचा सल्ला आहे. पण जी आधीपासून गोळी घेते तिच्या उपचाराचे लक्ष्य आजही २.५ च्या खाली ठेवतात. त्यामुळे ताईंची मात्रा पाहायला हवी हे खरे, आणि ती पाहायला स्त्रीरोगतज्ज्ञ पुरेशा आहेत हेही तितकेच खरे.

वडगावची_सून
माझ्या जावेला दुसऱ्या महिन्यात भयंकर ओकाऱ्या होत्या आणि टीएसएच अगदी तळाला गेला होता. तिला डॉक्टरांनी थायरॉईडची कोणतीच गोळी दिली नाही आणि सगळे आपोआप ठीक झाले. त्यामुळे अक्का, मला वाटते की घरचे म्हणतात त्यातही तथ्य असावे. थोडे थांबून पाहायला काय हरकत आहे?

निवृत्त_परिचारिका
तुमच्या जावेची गोष्ट नेमकी उलट आहे. गरोदरपणात तयार होणारे एचसीजी हे संप्रेरक आईच्या थायरॉईडला चेतवते, म्हणून सुरुवातीच्या महिन्यांत टीएसएच खाली येतो, आणि ओकाऱ्या फार असल्या तर कधी कधी बराच खाली जातो. ते बहुधा आपोआप सावरते. मलप्रभाकाठ यांची ग्रंथी मुळातच कमी काम करते, म्हणून त्यांचा आकडा खाली येण्याऐवजी वर राहिला आहे. त्यांनी थांबणे योग्य नाही.
सैंधवाबद्दलही लिहिणे भाग आहे. जागतिक आरोग्य संघटनेने गरोदर स्त्रीला दिवसाला २५० मायक्रोग्रॅम आयोडीन सांगितले आहे, आणि आपल्याकडे ते मुख्यतः आयोडीनयुक्त मिठातूनच मिळते. सैंधवात किंवा हातगाडीवरच्या खड्या मिठात ते पुरेसे नसते. मिठाची बरणी झाकून ठेवावी आणि मीठ शक्यतो भाजी उतरवताना घालावे. मात्र मीठ हे गोळीला पर्याय नाही, आणि आयोडीनच्या वेगळ्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

निपाणीचा_पाहुणा
आमच्या आजीने आयुष्यभर खडे मीठ खाल्ले आणि तिला काही झाले नाही. मी माझ्या मतावर ठाम आहे.

कागवाडची_लेक
गोळी सकाळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर घ्या आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नको. हे वर कोणी स्पष्ट लिहिले नव्हते. रक्त द्यायचे त्या दिवशी गोळी रक्त दिल्यानंतर घ्या.

टिळकवाडीकर
सकाळी उपाशीपोटीच. आमच्याकडे पहाटे पाचचा गजर लावलेला असे. आणि ते पॅकेज एकदा कराच.

मलप्रभाकाठ
सर्वांचे मनापासून आभार. चिकोडीच्या दादांचे वाचून त्याच दिवशी फोन केला आणि बाईंनी लगेच बोलावून घेतले. सासूबाई सोबत होत्या. बाळाला आईच्या स्रावावर अवलंबून राहावे लागते हे त्यांनी स्वतः ऐकले, आणि आता गोळीची आठवण त्याच करून देतात.
मात्रा ७५ मायक्रोग्रॅम झाली आहे. मी खानापुरातच उपचार घेणार आहे. निम्मे दिवस भरेपर्यंत दर चार आठवड्यांनी आणि नंतर तिसाव्या आठवड्याच्या सुमारास एकदा, इथल्या एकाच प्रयोगशाळेत टीएसएच आणि फ्री टी-४ (रक्तातले मोकळे थायरॉक्सिन) करायचे ठरले आहे, ज्याचे मिळून सातशे रुपये होतात. अँटी-टीपीओ करणार नाही, कारण उपचार आधीच चालू असल्यामुळे त्याच्या निकालाने माझ्या गोळीत काही बदल होणार नाही, असे बाईंनी सांगितले. पुढच्या खेपेला आकडा २.५ च्या खाली आला नाही तर त्या स्वतः बेळगावच्या तज्ज्ञांना चिठ्ठी देतील.
गोळी मात्र मी सकाळी घेणार नाही. ओकारीबरोबर ती बाहेर पडते, म्हणून रात्रीच्या जेवणानंतर तीन तासांनी, झोपताना घेण्याची मुभा मी मागितली आणि बाईंनी ती दिली. सध्या फॉलिक आम्ल तेवढे चालू आहे. तीन महिने झाल्यावर लोह आणि कॅल्शियम सुरू होईल, ते दिवसा घेईन.

टिळकवाडीकर
रात्रीची वेळ मला पटत नाही. तरीही डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर जेवण लवकर उरका.

चिकोडी_औषधालय
तीन तासांचे अंतर पाळले तर रात्रीची वेळ चालते. झोपताना दूध घेण्याची सवय असेल तर ते संध्याकाळीच घ्या. बाळंतपणानंतर बहुतेकींची मात्रा पुन्हा पहिल्यासारखी करावी लागते, म्हणून तेव्हा सहा आठवड्यांनी टीएसएच पाहायचा आहे हे तायी कार्डावर आताच लिहून ठेवा.