मदत हवी आहे : पॅप स्मिअरमध्ये केंद्रक दिसत नसेल, तर ट्रायकोमोनास म्हणावे का?

नमस्कार. मी पेशीविज्ञान प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे आणि गर्भाशयमुखाच्या पॅप स्मिअरची प्राथमिक तपासणी माझ्याकडे असते. काचेवर थेट पसरलेल्या स्मिअरमध्ये ट्रायकोमोनास व्हजायनॅलिस हा परजीवी ओळखण्याबाबत जाणकारांचे मत हवे आहे.

साधारण १५ ते ३० मायक्रॉन आकारमान, गोल किंवा एका टोकाला निमुळती आकृती, करडे-निळसर पेशीद्रव्य, त्यात कधी लालसर कण आणि मध्यापासून बाजूला असलेले फिकट, लांबट केंद्रक, हे वर्णन मला ठाऊक आहे. कशाभिका (परजीवीच्या चाबकासारख्या शेपट्या) अशा स्मिअरमध्ये क्वचितच दिसतात, म्हणून त्यांची वाट पाहण्यात अर्थ नसतो. अडचण अशी की दाह तीव्र असला की श्लेष्माचे थेंब, पेशीद्रव्याचे तुकडे आणि झिजलेले न्यूट्रोफिल (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) हेही त्याच रंगाचे नि जवळपास त्याच मापाचे दिसतात.

सध्या हाती असलेल्या स्लाइडवर लेप्टोथ्रिक्स या जिवाणूचे लांब तंतू शेवयांच्या गुंत्यासारखे पसरले आहेत, प्रौढ शल्की (अस्तराच्या चपट्या) पेशींवर न्यूट्रोफिलांचे गोळे चिकटले आहेत आणि काही केंद्रकांभोवती अरुंद पांढरे कडे आहे. मात्र करड्या ठिपक्यांपैकी एकातही केंद्रक खात्रीने दिसत नाही. एवढ्या पार्श्वभूमीवर निदान लिहावे, असे आमच्या वरिष्ठांचे मत आहे. मला ते पटत नाही. शिवाय शल्की पेशींची काही केंद्रके किंचित मोठी आहेत, त्यांना एएससी-यूएस (अर्थ निश्चित न करता येणाऱ्या असामान्य शल्की पेशी) म्हणावे काय?

प्रतिसाद

ताई, तुमची शंका रास्त आहे. लेप्टोथ्रिक्स बहुधा ट्रायकोमोनासच्या सोबत आढळते, पण ते एकटेही असू शकते. त्यामुळे ते दिसले की शोध वाढवावा, निदान मात्र केंद्रकावरच करावे. न्यूट्रोफिलांच्या गोळ्यांच्या मध्यभागी पाहण्यापेक्षा त्यांच्या कडेला आणि शल्की पेशींच्या काठाशी, सूक्ष्म फोकस वरखाली करत पाहा. तरीही केंद्रक सापडले नाही, तर अहवालात दाहाचे वर्णन करून न्यूक्लिक आम्ल चाचणी (परजीवीचा जनुकीय अंश शोधणारी) सुचवणे योग्य ठरेल. ताज्या स्रावाची ओली तपासणीही चालते, पण परजीवीची हालचाल लवकर मंदावते, म्हणून ती नमुना घेतल्यावर दहा मिनिटांच्या आत व्हायला हवी. पॅप स्मिअरमध्ये परजीवी दिसला नाही म्हणून संसर्ग नाही, असे मुळीच म्हणता येत नाही.

एएससी-यूएसबाबत घाई नको. ट्रायकोमोनासच्या संसर्गातले कडे अरुंद असते आणि केंद्रकाची कड गुळगुळीत राहते. एचपीव्ही विषाणूमुळे बदललेल्या कोइलोसाइट पेशीमध्ये केंद्रकाभोवतीची पोकळी रुंद, तिची कड जाड व ठसठशीत आणि केंद्रक गडद, वेडेवाकडे असते. केंद्रकाचे क्षेत्रफळ सामान्य मध्यस्तरीय (अस्तराच्या मधल्या थरातल्या) पेशीच्या केंद्रकाच्या अडीच ते तीनपट झाले असेल, तरच एएससी-यूएसचा विचार करावा.

एक विचारायचे राहिले : स्मिअर लगेच ९५ टक्के अल्कोहोलमध्ये बुडवला होता का? तो आधी हवेत सुकला असेल, तर केंद्रकांचे तपशील पुसट होतात आणि मग नवा नमुना मागवणेच बरे.