कोलायटिसमधलं फुगलेलं अपेंडिक्स: एलएएमएन म्हणावं का?

ग्रॉसिंग_टेबल: अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याची दीर्घकालीन सूज) असलेल्या रुग्णाचं काढलेलं मोठं आतडं आलंय. अपेंडिक्स १८ मिमी फुगलेलं, आत चिकट म्युसिन (श्लेष्मा), बाहेरून कुठे फाटलेलं नाही. पहिल्या दोन ब्लॉकमध्ये (मेणात बसवलेल्या तुकड्यांत) उंच, म्युसिनने भरलेल्या पेशी, मध्येच झालरीसारखी घडण. अपेंडिक्सची म्युसिन बनवणारी लो-ग्रेड गाठ, म्हणजे एलएएमएन, लिहू का? आयबीडीशी (कोलायटिस, क्रोन्स अशा आतड्याच्या सुजेच्या आजारांशी) याचा खरंच संबंध असतो?

स्लाइड_कट्टा: दोन ब्लॉकवर तर मुळीच लिहू नका. अख्खं अपेंडिक्स तपासणीला घाला. टोक उभं चिरा, बाकीच्या २–३ मिमीच्या चकत्या करा, सीकमकडचं बूड वेगळ्या कॅसेटमध्ये. दर चकतीनंतर सुरी पुसा, नाहीतर आतलं म्युसिन सेरोझावर (सर्वात बाहेरच्या आवरणावर) ओढलं जातं आणि उगाच टी४ए, म्हणजे गाठ बाहेरपर्यंत पोचल्याची स्टेज, वाटते. ओढलेलं म्युसिन नुसतं वर पडून असतं, खाली मेझोथेलियमची (त्या आवरणाच्या पेशींची) काहीच प्रतिक्रिया नसते.

आता खरा मुद्दा. कोलायटिसची सूजही पेशींना असंच उंच आणि झालरदार करते. पण मग मस्क्युलारिस म्युकोसी (अस्तराखालचा पातळ स्नायूथर) शाबूत असते, लिम्फॉइड पेशी जागेवर असतात, क्रिप्टमध्ये (अस्तरातल्या ग्रंथींत) न्यूट्रोफिल, म्हणजे सुजेच्या पांढऱ्या पेशी, दिसतात. एलएएमएनमध्ये मस्क्युलारिस म्युकोसी आणि लिम्फॉइड पेशी दोन्ही नाहीशा होतात आणि एपिथेलियम (अस्तराच्या पेशी) थेट तंतुमय भिंतीवर बसतं. मस्क्युलारिस प्रोप्रियापर्यंतच (भिंतीच्या जाड स्नायूथरापर्यंत) असेल तर स्टेज पीटीआयएस. टी१, टी२ इथे वापरत नाहीत, पुढे सबसेरोझा (सेरोझाच्या लगेच आतला थर) गाठला की थेट टी३.

पोट_विभाग: संबंधाबद्दल जपून लिहा. आयबीडीच्या अपेंडिक्समध्ये सेरेटेड (दातेरी) आणि म्युसिनस गाठी सापडल्याच्या नोंदी आहेत, पण ही आतडी मुळात जास्त बारकाईने तपासली जातात. आयबीडीमुळेच झालं, असं रिपोर्टमध्ये नको.

अपेंडिक्सचा कोलायटिसशी धागा मात्र आहे. अॅक्यूर या चाचणीत अल्सरेटिव्ह कोलायटिस शांत असलेल्या (रेमिशनमधल्या) रुग्णांचं अपेंडिक्स काढल्यावर वर्षभरात ३६% जणांचा आजार पुन्हा उफाळला, न काढलेल्यांत ५६%. क्रोन्सला हे लावू नका.

स्लाइड_कट्टा: आणि ग्रॅन्युलोमा (सुजेच्या पेशींचा घट्ट पुंजका) दिसला की लगेच क्रोन्स नको. आपल्याकडे आधी टीबी बघा: झेडएन स्टेन (टीबीचे जंतू दाखवणारा रंग), केझिएशन (पनीरसारखं मृत ऊतक), ग्रॅन्युलोमा एकमेकांत मिसळलेत का. सीबीनॅटसाठी (टीबीच्या जनुकीय चाचणीसाठी) तुकडा फॉर्मलिनच्या आधीच सलाइनमध्ये काढावा लागतो. अँटिबायोटिक देऊन काही आठवड्यांनी काढलेल्या अपेंडिक्समध्येही ग्रॅन्युलोमा येतात, तेव्हा सर्जनला तारीख विचारा.

ग्रॉसिंग_टेबल: मस्क्युलारिस म्युकोसी फाटल्यासारखी दिसली तर?

स्लाइड_कट्टा: डेस्मिन (स्नायू दाखवणारा स्टेन) लावा. अल्सरजवळ तुटून कडेला पुन्हा सुरू होत असेल तर सूज समजा. सलग चकत्यांत पत्ताच नसेल तर एलएएमएन.