६/६ आलं म्हणजे विषय संपला?

चष्मिष्ट: "लेसिकनंतर (लेसरने चष्म्याचा नंबर काढल्यावर) ६/६ दिसतं ना, मग रात्री दिव्यांभोवती दिसणारी वलयं म्हणजे मनाचे खेळ," असं कालच्या धाग्यात एकाने ठोकून दिलंय. अहो, ६/६ ज्यावर ठरतं तो तक्ता म्हणजे पांढऱ्यावर ठळक काळी अक्षरं. करड्या रस्त्यावरचा करडा खड्डा दिसतो का, ते त्यात कळत नाही. त्यासाठी कॉन्ट्रास्ट, म्हणजे जवळच्या छटांतला फरक ओळखणं, वेगळा तपासावा लागतो. मायनस नंबर काढताना कॉर्निया (बुबुळापुढचा पारदर्शक पडदा) मधोमध सपाट होतो, कडेचा बाक तसाच राहतो. अंधारात बाहुली ७ मि.मी. उघडली आणि झोन, म्हणजे लेसरने घडवलेला भाग, ६ चा असला, की कडेचे किरण भलतीकडे जमतात. यात मन कुठे आलं?

टोपणराव: सगळं बाहुलीवर ढकलू नका. मोठी बाहुली असून त्रास नसलेले पुष्कळ आहेत. मूळ नंबर आणि उरलेला सिलिंडर (असमान बाकाचा नंबर) आधी बघा. आणि झोन मोठा घ्यायला कोण नाही म्हणतंय?

चष्मिष्ट: कॉर्निया नाही म्हणतो! लेसरने किती जाडी जाते त्याचा हिशोब: झोनचा वर्ग गुणिले नंबर, भागिले ३. मायनस ९ ला ६ मि.मी. झोन घेतला तर १०८ मायक्रॉन जातात, ६.५ घेतला तर १२७. कॉर्निया ४८० चा आणि फ्लॅप (लेसरआधी कापून उचलतात तो वरचा पापुद्रा) ११० चा धरा, खाली २६२ ऐवजी २४३ उरतात. २५० ही सुरक्षित मानलेली किमान जाडी, तिच्याखाली कोण जाणार? अशांना लेसर नकोच, आत बसवायची लेन्स विचारा.

कोरडा_डोळा: दोघेही अश्रू विसरलात. फ्लॅप कापताना नसा तुटतात, डोळा कोरडा पडतो, नजर मिनिटामिनिटाला बदलते. पापणी मिटून उघडल्यावर क्षणभर स्वच्छ दिसून पुन्हा धूसर झालं तर अश्रूंचा थर बिघडलाय. वलय तस्सं राहिलं तर उरलेला नंबर किंवा ऑप्टिक्स, म्हणजे किरण भलतीकडे जमण्याचा दोष.

टोपणराव: आणि मोतीबिंदूचं काय? त्यावर कोणी बोलतच नाही! त्या ऑपरेशनात बसवायची लेन्स ठरवताना मशीन कॉर्नियाचा पुढचाच बाक मोजतं आणि मागचा नेहमीच्या प्रमाणात धरतं. लेसिकने ते प्रमाणच मोडलेलं असतं. मग कॉर्नियाची पॉवर जास्त मोजली जाते, लेन्स कमी पॉवरची बसते आणि माणूस प्लस नंबर घेऊन बाहेर येतो.

कोरडा_डोळा: विषय रात्रीच्या वलयांचा आहे.

टोपणराव: विषय दृष्टीचा आहे! लेसिकआधीचे के-रीडिंग (कॉर्नियाच्या बाकाचं माप) आणि नंबर लिहिलेला कागद किती जण जपतात?

चष्मिष्ट: लेन्सची पॉवर काढायला आता वेगळी सूत्रं आहेत, जुन्या कागदाविनाही चालतात.

टोपणराव: चालतात, पण कागद असला तर पडताळा मिळतो.

चष्मिष्ट: बरं बाबा, कागद जपा. पण "मनाचे खेळ" मागे घ्या म्हणावं त्याला.